डीएसएलआरवरून मिररलेसकडे: आधी कंपनीची चाल ओळखा, मग लेन्स हलवा

आत आरसा असलेला डीएसएलआर सोडून बिनआरशाच्या मिररलेसकडे जायचं की नाही, हा प्रश्न आता मागे पडला आहे. कॅननचा १डी एक्स मार्क ३ आणि निकॉनचा डी६ हे दोन्ही २०२० मधले कॅमेरे. त्यानंतर या दोघांपैकी कुणीही नवा अव्वल डीएसएलआर काढलेला नाही. पेंटॅक्सने मात्र २०२१ मध्ये के-३ मार्क ३ आणून आरशाची बाजू लावून धरली. आता कधी जायचं, कसं जायचं आणि कपाटातल्या लेन्सचं काय करायचं, एवढंच ठरवायचं उरलं आहे. त्यातलं लेन्सचं सगळ्यात महत्त्वाचं, कारण बॉडी चार-पाच वर्षांत जुनी होते आणि चांगली लेन्स वीस वर्षं चालते.

कंपनी मनापासून उतरली आहे का?

जुन्या कंपन्यांनी मिररलेसचा वेग आधीच वाढवायला हवा होता का? हो, नक्कीच. पण वापरणाऱ्यांचं जास्त नुकसान उशिरापेक्षा अर्धवट पावलांनी केलं. पॅनासोनिकचा जी१ २००८ मध्ये आला, सोनीचे नेक्स-३ आणि नेक्स-५ २०१० मध्ये. निकॉनने २०११ मध्ये ‘निकॉन १’ आणि कॅननने २०१२ मध्ये ‘ईओएस एम’ काढला खरा, पण आपल्याच डीएसएलआरच्या वाटेत येणार नाहीत असे बेताचे कॅमेरे दिले. निकॉन १ चा सेन्सर एक इंची वर्गातला, २.७ पट क्रॉपचा, म्हणजे ३५ मिमी फिल्मएवढ्या ‘फुल-फ्रेम’ सेन्सरपेक्षा तितका लहान. ती मालिका २०१८ मध्ये बंद झाली. कॅननची गोष्ट अधिक बोचरी आहे. ईओएस एमच्या ईएफ-एम माउंटचं (माउंट म्हणजे बॉडीवर लेन्स बसते ती जागा) फ्लँज अंतर, म्हणजे माउंटच्या कड्यापासून सेन्सरपर्यंतचं अंतर, १८ मिमी. २०१८ मध्ये आलेल्या कॅननच्याच आरएफ माउंटचं २० मिमी. १८ मिमीसाठी बनलेली लेन्स २० मिमीच्या बॉडीवर लावायची तर ती बॉडीच्या आत २ मिमी सरकवावी लागेल, आणि साध्या अॅडॉप्टरने (दोन माउंट जोडणाऱ्या कड्याने) ते होत नाही. त्यामुळे ईएफ-एमच्या लेन्स घेतलेल्यांना पुढे जायला वाटच राहिली नाही. उलट सोनीने २०१३ च्या ए७ मध्ये फुल-फ्रेम सेन्सर त्याच ई माउंटमध्ये बसवला. म्हणून २०१० ची ई लेन्स आजच्या सोनी बॉडीवरही लागते, फक्त एपीएस-सी, म्हणजे लहान सेन्सरसाठीची लेन्स असेल तर कॅमेरा फ्रेम कापून घेतो.

म्हणून एखाद्या माउंटवर पैसे घालण्याआधी काही गोष्टी पाहाव्यात. कंपनी स्वतःच्या जुन्या लेन्ससाठी स्वतःचा अॅडॉप्टर देते का? त्या माउंटवर तिचा सर्वात महागडा, कामकरी छायाचित्रकारांचा कॅमेरा आहे का, की फक्त प्रवेशपातळीचे? निकॉनच्या मिररलेस झेड माउंटबद्दलची शंका २०२१ च्या झेड ९ ने मिटवली, कारण त्यात यांत्रिक शटरच ठेवलेलं नाही आणि असा कॅमेरा काढल्यावर परतीची भाषा उरत नाही. विकलेल्या बॉडीला फर्मवेअरमधून, म्हणजे कॅमेऱ्याच्या आतल्या सॉफ्टवेअरमधून, नवी कामं मिळतात का? झेड ६ आणि झेड ७ ला डोळ्यावर फोकस धरण्याची सोय २०१९ मध्ये अशीच नंतर मिळाली. आणि सिग्मा, टॅम्रॉन यांच्या ऑटोफोकस लेन्स त्या माउंटमध्ये येतात का? कॅननने आरएफ माउंट बरीच वर्षं बंद ठेवला आणि २०२४ मध्ये या दोघांच्या एपीएस-सी लेन्सना वाट दिली. ज्याला मध्यम किमतीच्या फुल-फ्रेम लेन्स लागतात, त्याने ही बाब घेण्याआधीच तपासावी.

लेन्सची शिरगणती

सगळ्या लेन्स टेबलावर काढा, मागची झाकणं उघडा आणि प्रत्येकीची नोंद करा: माउंट कोणता, फोकसची मोटर लेन्समध्ये आहे की बॉडीत, अॅपर्चर (प्रकाश आत घेणारं छिद्र) कशाने हलतं, हातथरथर सावरणारं स्थिरीकरण आहे का. ही तासाभराची मेहनत पुढचा बराच खर्च वाचवते.

कॅननवाल्यांचं काम सोपं आहे, आणि त्याचं श्रेय १९८७ च्या एका कठोर निर्णयाला जातं. त्या वर्षी कॅननने एफडी माउंट सोडून ईएफ आणला. जुन्या लेन्स नव्या बॉडीवर नीट चालेनात, लोक संतापले. पण ईएफ पूर्णपणे विद्युत होता, फोकस आणि अॅपर्चर दोन्हींच्या मोटरी लेन्समध्येच. त्यामुळे आज ईएफ ते आरएफ अॅडॉप्टर म्हणजे फक्त तारा जोडणारी २४ मिमीची नळी आहे (४४ उणे २०), आत भिंग नाही. ईएफ लेन्सवर लाल ठिपका असतो, लहान सेन्सरसाठीच्या ईएफ-एसवर पांढरा चौकोन. दोन्ही चालतात. ईएफ-एस लेन्स फुल-फ्रेमवर लावली की क्रॉप आपोआप होतो आणि मेगापिक्सेल अडीचपटीहून अधिक घटतात.

निकॉनवाल्यांनी मात्र प्रत्येक लेन्स हातात घेऊन पाहायची. एफ माउंट १९५९ पासूनचा, आणि त्यात पिढ्यांवर पिढ्या साठल्या आहेत. लेन्सच्या मागच्या धातूच्या कड्यावर बारीक पाना बसेल अशी खाच असलेला छोटा स्क्रू दिसला, तर त्या लेन्समध्ये फोकसची मोटर नाही. ती बॉडीतल्या मोटरने फिरते, जुन्या एएफ आणि एएफ-डी लेन्ससारखी. निकॉनच्या एफटीझेड अॅडॉप्टरमध्ये आणि एफटीझेड २ मध्येही ही मोटर नाही. म्हणजे ५० मिमी एफ/१.८ डी किंवा ८०-२०० मिमीची जुनी डी झूम झेड बॉडीवर लागेल, मीटरिंग (उजेडाचं मोजमाप) होईल, फोकस मात्र हाताने करावा लागेल. नावात एएफ-एस, एएफ-आय किंवा एएफ-पी असेल तर ऑटोफोकस चालतो. त्या लेन्सचं अॅपर्चर यांत्रिक दांड्याने हलत असलं तरी चालतं, कारण तो दांडा हलवायची सोय अॅडॉप्टरमध्ये आहे. चिप नसलेल्या, हाताने फोकस करायच्या जुन्या एआय लेन्स अॅपर्चर-प्राधान्य किंवा मॅन्युअल मोडमध्ये वापरायच्या, आणि फोकल लेंग्थ मेनूत स्वतः भरायची.

सोनीच्या ए माउंटमध्येही हाच भेद आहे. एसएसएम आणि एसएएम लेन्समध्ये मोटर असते, बाकीच्या स्क्रूवर चालतात. त्यांच्यासाठी एलए-ईए५ अॅडॉप्टरमध्ये मोटर दिली आहे, पण ती मोजक्याच बॉडींवर चालते. तुमची बॉडी त्या यादीत आहे का हे आधी पाहा. पेंटॅक्सच्या लेन्स अॅडॉप्टरने लागतात, पण बहुधा फक्त हाताने वापरायच्या.

सिग्मा, टॅम्रॉन, टोकिना यांच्या जुन्या डीएसएलआर लेन्सचा वेगळा रकाना करा. त्यांनी कॅमेऱ्याशी बोलायची भाषा स्वतः उलगडून बसवलेली असते. नव्या बॉडीवर त्या कधी फोकसच करत नाहीत, कधी मध्येच गोठतात. अनेकांसाठी फर्मवेअर आलं आहे. ते यूएसबी डॉकने (लेन्स संगणकाला जोडणाऱ्या साधनाने) चढतं, आणि ज्या जुन्या लेन्सना डॉकची सोय नाही त्या कंपनीकडे पाठवाव्या लागतात.

अॅडॉप्टर: दहाव्या भागाचा हिशेब

अॅडॉप्टरची जाडी म्हणजे दोन फ्लँज अंतरांची वजाबाकी. निकॉन एफचं अंतर ४६.५ मिमी, झेडचं १६ मिमी, म्हणून अॅडॉप्टर ३०.५ मिमीचा. कॅनन ईएफ ४४, पेंटॅक्स के ४५.४६, सोनी ई १८, मायक्रो फोर थर्ड्स १९.२५.

कंपनीचा अॅडॉप्टर घेतला तर जाडीची चिंता करायची गरज नाही. हाताने फोकस करायच्या लेन्ससाठी स्वस्त अॅडॉप्टर घेतला तर मात्र करायलाच हवी. अॅडॉप्टर ०.१ मिमी जाड निघाला, तर ५० मिमीची लेन्स अनंताच्या खुणेवर जेमतेम २५ मीटरपर्यंतच फोकस करेल. सूत्र सोपं आहे: फोकल लेंग्थचा वर्ग भागिले जाडीतली चूक. २५०० भागिले ०.१ म्हणजे २५,००० मिमी. हेच गणित २४ मिमी लेन्सला लावा, उत्तर ५.७६ मीटर येतं. म्हणजे निसर्गचित्रांसाठी ती लेन्स निकामी. म्हणून स्वस्त अॅडॉप्टर मुद्दाम किंचित पातळ बनवतात. त्यात अनंत मिळतं, पण लेन्सवरच्या अंतराच्या खुणा खोट्या ठरतात, झूम फिरवताना फोकस सरकतो, आणि फोकस करताना आतल्या भिंगांमधलं अंतर बदलणाऱ्या वाइड लेन्सचे कोपरे मऊ पडतात.

तपासणी अशी करा. कॅमेरा ट्रायपॉडवर, बॉडीचं स्थिरीकरण बंद, अॅपर्चर पूर्ण उघडं. किलोमीटरभर तरी दूर असलेला मनोरा किंवा रात्रीचा तारा फ्रेमच्या मध्ये घ्या आणि प्रतिमा १० पट मोठी करा. फोकस रिंग अनंताकडे सावकाश फिरवत न्या. वस्तू टोकाच्या जरा आधी टोकदार होऊन पुन्हा किंचित मऊ झाली, तर अॅडॉप्टर ठीक आहे. टोकापर्यंत जाऊनही टोकदार झालीच नाही, तर तो जाड आहे, परत करा. खुणेच्या बऱ्याच आधी टोकदार झाली, तर पातळ आहे. लांब फोकल लेंग्थला हे चालून जातं, वाइडला नाही. मग एखाद्या सपाट भिंतीचा फोटो काढून डाव्या आणि उजव्या कडेची तुलना करा. एकच बाजू मऊ असेल आणि तीच लेन्स तिच्या मूळ बॉडीवर ठीक असेल, तर अॅडॉप्टरची तोंडं समांतर नाहीत. शेवटी लेन्स हाताने हलकेच पिळून पाहा. खडखड नको.

जड टेलिफोटो असेल तर ट्रायपॉड नेहमी लेन्सच्या पायाला जोडा, बॉडीला नाही. अॅडॉप्टरमुळे भार ३० मिमी पुढे सरकतो आणि तो सगळा माउंटच्या स्क्रूंवर येतो. टेलिकन्व्हर्टर, म्हणजे फोकल लेंग्थ वाढवणारं जोडभिंग, जुन्या माउंटचाच वापरा, लेन्स आणि अॅडॉप्टरच्या मध्ये. झेड किंवा आरएफचे कन्व्हर्टर पुढे आलेल्या भिंगाचे असतात, ते अॅडॉप्टरच्या मागे बसत नाहीत. जोर लावलात तर भिंगाला ओरखडा पडेल.

जुनी बॉडी विकण्याआधीच्या चाचण्या

नवी बॉडी आल्या दिवशीच जुनी विकू नका. महिनाभर दोन्ही जवळ ठेवा आणि तुमच्या खऱ्या कामावर नवी घासून पाहा.

पहिली चाचणी इलेक्ट्रॉनिक शटरची. मिररलेसचं शांत शटर सेन्सर ओळीओळीने वाचतं. अनेक जास्त मेगापिक्सेलच्या साध्या सेन्सरना त्यासाठी १/१५ ते १/३० सेकंद लागतो, आणि तेवढ्यात हलणारी वस्तू तिरकी होते. तुमच्या कॅमेऱ्याचा वेळ घरीच मोजता येतो. लुकलुकणाऱ्या एलईडी किंवा ट्यूबच्या उजेडात पांढऱ्या भिंतीचा फोटो इलेक्ट्रॉनिक शटरने १/२००० वर घ्या आणि आडव्या पट्ट्या मोजा. ५० हर्ट्झच्या विजेवर दिवा सेकंदाला १०० वेळा उजळतो, म्हणून पट्ट्यांची संख्या भागिले १०० म्हणजे वाचनाचा वेळ. सहा पट्ट्या दिसल्या तर ०.०६ सेकंद, म्हणजे साधारण १/१७. ६० हर्ट्झच्या विजेवर १२० ने भागा. इतका सावकाश वाचणारा कॅमेरा नृत्य, क्रिकेटची बॅट किंवा गोल्फच्या स्विंगसाठी इलेक्ट्रॉनिक शटरवर वापरू नये, तिथे यांत्रिक शटर लावावं. स्टॅक्ड सेन्सरचे, म्हणजे सेन्सरच्या मागेच वेगवान सर्किटचा थर असलेले कॅमेरे हेच वाचन बरंच झटपट करतात. सोनीच्या २०१७ च्या ए९ ने ही वाट उघडली, आणि २०२३ च्या ए९ मार्क ३ मध्ये तर पूर्ण सेन्सर एकाच क्षणी वाचला जातो.

दुसरी चाचणी फोकसची. डीएसएलआरमध्ये फोकसचा सेन्सर वेगळा बसवलेला असल्यामुळे लेन्सगणिक पुढे-मागे होण्याचा त्रास असे. मिररलेसमध्ये फोकस चित्राच्याच सेन्सरवर मोजला जातो, त्यामुळे जुन्या बॉडीत साठवलेले दुरुस्तीचे आकडे नव्या बॉडीत भरू नका, शून्यावरूनच सुरुवात करा. पण इथे दोन नव्या अडचणी येतात. बहुतेक सेन्सरवरचे फोकस बिंदू फक्त उभ्या रेषा ओळखतात. आडव्या पट्ट्यांचा शर्ट किंवा खिडकीच्या आडव्या झडपा समोर आल्या की लेन्स मागे-पुढे शोधत बसते. कॅमेरा दहा-पंधरा अंश तिरका करून फोकस धरा आणि मग सरळ करा. दुसरी अडचण लांब लेन्सची. पक्षी पूर्ण फोकसबाहेर असला की कॅमेरा मागची झाडी धरतो आणि सोडत नाही. अशा वेळी बटण दाबत राहू नका. फोकस रिंग हाताने जवळ आणा किंवा पक्ष्याच्या अंतरावरच्या जमिनीवर फोकस धरा, आणि मग पक्ष्यावर या.

तिसरी चाचणी अंधारातली. व्ह्यूफाइंडर सेकंदाला १२० फ्रेमच्या सेटिंगवर ठेवा आणि मंद उजेडात कॅमेरा वेगाने फिरवा. चित्र मागे रेंगाळतं का, ते डोळ्याला सहन होतं का, हे स्वतःच ठरवायचं आहे. ऑप्टिकल व्ह्यूफाइंडरची ती तत्काळता काही जणांना सोडवत नाही, आणि त्यांचं म्हणणं खरं आहे.

पहिल्याच दिवशी बदलायच्या सेटिंग

स्टुडिओत फ्लॅशवर काम करणाऱ्यांना पहिला धक्का बसतो तो व्ह्यूफाइंडर काळा दिसण्याचा. १/१६०, एफ/८, आयएसओ १०० या आकड्यांवर खोलीतला उजेड दिसणारच नाही, आणि कॅमेरा तेच प्रामाणिकपणे दाखवतो. सोनीत ‘सेटिंग इफेक्ट’, कॅननमध्ये ‘एक्स्पोजर सिम्युलेशन’, निकॉनमध्ये ‘अप्लाय सेटिंग्ज टू लाइव्ह व्ह्यू’ बंद करा. बाहेर पडताना ते पुन्हा चालू करायला विसरू नका. हे दोन्ही एका बटणावर बसवलं तर उत्तम. शांत शटर चालू असेल तर बहुतेक बॉडींवर फ्लॅश पेटतच नाही, हेही लक्षात ठेवा. जुन्या फ्लॅशचा लाल फोकस-दिवा बहुतेक मिररलेस वापरत नाहीत, तेव्हा अंधाऱ्या सभागृहात त्याच्या भरवशावर राहू नका.

शटरच्या मेनूत सहसा तीन पर्याय असतात: यांत्रिक, इलेक्ट्रॉनिक पहिला पडदा आणि पूर्ण इलेक्ट्रॉनिक. रोजच्या कामाला मधला बरा, कारण १/६० ते १/२०० च्या आसपास यांत्रिक पडद्याच्या धक्क्याने चित्र किंचित हलतं आणि तो धक्का यात टळतो. पण एफ/१.४ सारख्या उघड्या लेन्सने १/२००० च्या वर गेलात, की याच मधल्या पर्यायात मागच्या धूसर गोळ्यांची कड कापली जाते. तिथे पूर्ण यांत्रिक शटर हवं.

एलईडीखाली यांत्रिक शटर वापरलं तरी ५० हर्ट्झला १/५० किंवा १/१००, ६० हर्ट्झला १/६० किंवा १/१२५ वर राहिलात तर पट्टे आणि रंगबदल कमी होतात.

बॉडीतलं स्थिरीकरण जुन्या लेन्सलाही मिळतं, हा मिररलेसचा खरा नफा. झेड बॉडीवर एफटीझेडमधून लावलेल्या व्हीआर (लेन्समधलं स्थिरीकरण) नसलेल्या लेन्सला ते तीन अक्षांवर चालतं. चिप नसलेल्या लेन्सची फोकल लेंग्थ मात्र बरोबर भरा. ५० च्या जागी २०० राहिलं तर कॅमेरा गरजेपेक्षा चौपट भरपाई करतो आणि फोटो हातथरथरीपेक्षाही वाईट येतो. लेन्स बदलली की हा आकडा बदलण्याची सवय लावून घ्या.

बॅटरी, धूळ, ऊन

निकॉन डी८५० चा एका चार्जचा आकडा, सीपा या कॅमेरा उद्योगाच्या संघटनेच्या मोजणीत, १८४० फोटो, आणि त्याच घराण्यातल्या बॅटरीवर झेड ७ चा ३३०. स्क्रीन आणि सेन्सर सतत चालू असतात, त्याची ही किंमत. सलग फोटो काढताना प्रत्यक्षात बरेच जास्त निघतात, पण दिवसभराच्या कामाला तीन बॅटऱ्या धराच. सोनीने पहिल्या ए७ चे ३४० फोटो मार्क ३ मध्ये मोठी बॅटरी देऊन ७१० वर नेले, त्यामुळे बॉडी निवडताना हा आकडा जरूर पाहा. जुन्या बॅटऱ्या नव्या बॉडीत बसल्या तरी यूएसबीने चार्ज होतीलच असं नाही. झेड ६ आणि झेड ७ मध्ये ईएन-ईएल१५बी बॅटरी कॅमेऱ्यातच चार्ज होते, साधी ईएन-ईएल१५ किंवा १५ए होत नाही. म्हणून जुना चार्जर फेकू नका.

डीएसएलआरमध्ये सेन्सरपुढे आरसा आणि शटर असतं. मिररलेसमध्ये लेन्स काढली की अनेकदा सेन्सर उघडाच. काही बॉडी बंद करताना शटर मिटतात, उदाहरणार्थ ईओएस आर, आणि सोनीच्या काही बॉडींत तसा पर्याय मेनूत असतो. पण मिटलेल्या पडद्याला बोट किंवा ब्लोअरची नळी लागली तर पडदा वाकतो आणि दुरुस्तीचा खर्च सेन्सरच्या सफाईपेक्षा कितीतरी जास्त येतो. कॅमेरा बंद करा, तोंड जमिनीकडे, नवी लेन्स झाकण सैल करून तयार, मग अदलाबदल. अॅडॉप्टरचा आतला भागही ब्लोअरने झाडा, नाहीतर त्यातलीच धूळ सेन्सरवर जाते.

उन्हाकडे सगळ्यात कमी लक्ष दिलं जातं. खांद्यावर लटकलेल्या मिररलेसची उघडी लेन्स सूर्याकडे वळली, तर तो प्रकाश थेट शटरच्या पडद्यावर किंवा सेन्सरवर एकवटतो, मध्ये आरसा नसतो. चालताना झाकण लावा. आणि कॅमेरा टेबलावर ठेवताना व्ह्यूफाइंडरची मागची काच सूर्याकडे राहणार नाही असा ठेवा. ती काच उन्हाचा ठिपका व्ह्यूफाइंडरच्या आतल्या स्क्रीनवर पाडते आणि तिथे कायमचा डाग उठतो. ती स्क्रीन बदलण्याशिवाय त्यावर उपाय नाही.

विकण्याचा क्रम

आधी अॅडॉप्टर आणि एक नवी बॉडी घ्या, नवी लेन्स नको. महिनाभर जुन्या लेन्सवर काम करा. मग ज्या लेन्सचा ऑटोफोकस गेला आणि ज्यांचं हाताने भागत नाही, त्या विका. त्यानंतर जुनी बॉडी विका, पण स्क्रूवर चालणारी एखादी आवडती लेन्स ठेवायची असेल तर मोटर असलेली एक बॉडीही तिच्यासोबत ठेवा. नवी नेटिव्ह (नव्या माउंटसाठीच बनलेली) लेन्स पहिल्यांदा घ्यायची ती वाइड. कारण आखूड फ्लँज अंतरामुळे मागचं भिंग सेन्सरच्या जवळ आणता येतं आणि त्याचा सगळ्यात मोठा फायदा वाइड लेन्सनाच मिळतो. ३०० मिमीच्या वरच्या चांगल्या एएफ-एस किंवा ईएफ लेन्स अॅडॉप्टरवर जवळजवळ तितक्याच चांगल्या चालतात, त्या शेवटी बदलल्या तरी चालतं. नव्या रॉ फाइल (सेन्सरची कच्ची माहिती असलेल्या) तुमचं संगणकावरचं जुनं सॉफ्टवेअर उघडतं का, हे बॉडीचे पैसे देण्याआधी नमुना फाइल उतरवून पाहून घ्या. कॅननच्या सीआर२ आणि सीआर३ फाइल वेगळ्या आहेत, आणि सॉफ्टवेअरच्या जुन्या आवृत्त्यांना सीआर३ वाचता येत नाही.